मोन्शाऊ: विसर्जित जर्मन जिल्हा आणि त्याच्या पोटातून गेलेली बेल्जियमची रेल्वे

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, आखेन शहराच्या दक्षिणेस, आयफेल डोंगररांगांच्या कडेवर मोन्शाऊ नावाचे छोटे गाव आहे. १८१६ पासून १९७१ च्या अखेरपर्यंत ते एका जिल्ह्याचे मुख्यालय होते. जर्मन प्रशासनात या एककाला ‘क्राइस’ म्हणतात. आकाराने ते आपल्या तालुक्याच्या जवळपास जाते, अधिकारांच्या बाबतीत मात्र बरेचसे जिल्हा परिषदेसारखे असते. १ जानेवारी १९७२ रोजी हा जिल्हा नकाशावरून गेला. लहान जिल्हे मोठ्या जिल्ह्यांत विलीन होणे ही त्या काळी पश्चिम जर्मनीत सर्रास घडणारी गोष्ट होती आणि तेवढ्यासाठी या प्रकरणाकडे वळण्याचे कारण नव्हते. कारण वेगळे आहे. या जिल्ह्याच्या पोटातून जाणारा रेल्वेमार्ग १९२० मध्ये बेल्जियमच्या सार्वभौमत्वाखाली गेला. पुढे जिल्हा बरखास्त झाला, गाड्या बंद पडल्या, रूळही उखडले गेले. तरी ती काही मीटर रुंदीची पट्टी आजही बेल्जियमची आहे. असे का झाले आणि का टिकले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

भूगोल: दलदल, पठार आणि दरी

उत्तर बऱ्याच अंशी जमिनीतच आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला ‘होहेस फेन’ हा उंचावरचा, पीटचा (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या साचलेल्या थराचा) दलदली प्रदेश पसरलेला आहे. त्याचा सर्वोच्च भाग म्हणजे आज बेल्जियममध्ये असलेले ६९४ मीटर उंचीचे बोट्रांज. अटलांटिकवरून येणारे ढग या उंचवट्यावर आधी रिते होतात. त्यामुळे येथे वर्षभर पाऊस, धुके आणि लांबलेला हिवाळा असतो. पाणी झिरपून न जाणारी माती आणि हजारो वर्षांत साचलेला पीट यांमुळे फेनमधून सरळ रस्ता काढणे एकोणिसाव्या शतकापर्यंत जिकिरीचे होते आणि धुक्यात वाट चुकलेले प्रवासी दगावण्याच्या घटनाही घडत. फेनच्या पूर्वेला मात्र कोन्त्सेन, लामर्सडॉर्फ, झिमेराथ, काल्टरहेरबेर्ग अशा गावांचे पठार लागते. शेतीपेक्षा गुरांना अधिक मानवणाऱ्या या पठारावर घरांच्या पश्चिमेला, वारा येतो त्या अंगाला, छपराच्या उंचीपर्यंत वाढवलेली बीच झाडांची कुंपणे दिसतात. ह्योफेन आणि आयशरशाइड या गावांतील अशी कुंपणे पाहायला आज लोक मुद्दाम येतात; ती लावणाऱ्यांना मात्र एवढेच हवे होते की वाऱ्याने घर गारठू नये.

पठाराला चिरत रूर नदी वाहते. (कोळसा आणि पोलादासाठी प्रसिद्ध असलेली रूर ती ही नव्हे, देवनागरीत दोघी सारख्या दिसतात एवढेच.) ही रूर बोट्रांजजवळ फेनमध्ये उगम पावते, मोन्शाऊच्या अरुंद दरीतून जाते आणि पुढे ड्यूरेन, युलिश ही गावे मागे टाकून नेदरलँड्समधील रूरमोंड येथे म्यूज नदीला मिळते. मोन्शाऊ गाव या दरीच्या तळाशी, किल्ल्याच्या पायथ्याला, इतके चेपून वसले आहे की घरांना वर वाढण्याखेरीज मार्ग नव्हता. जुलै २०२१ च्या महापुरात हेच जुने गाव पाण्याखाली गेले.

पीटमधून आलेले, चुन्याचा अंश जवळजवळ नसलेले मऊ पाणी लोकर धुण्यास आणि रंगवण्यास उत्तम असते. जळणासाठी लाकूड आणि पीट हाताशी होते आणि नदीच्या उतारावर यंत्रे फिरवता येत होती. या बळावर सतराव्या शतकापासून येथे प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांनी कापड उद्योग उभा केला आणि अठराव्या शतकात योहान हाइनरिश शाइब्लर यांनी त्याला युरोपभर बाजारपेठ मिळवून दिली. स्पेनहून येणाऱ्या मेरिनो लोकरीचे बारीक पोताचे कापड ही त्यांची खासियत होती. त्यांनी बांधलेले ‘लाल घर’ आज संग्रहालय आहे. त्यातील ओक लाकडाच्या वर्तुळाकार जिन्यावर लोकरीपासून कापडापर्यंतची कामे कोरलेली आहेत आणि ती करताना प्रौढ कामगारांऐवजी गुबगुबीत बालके दाखवली आहेत. प्रत्यक्षात ही कामे पठारावरच्या आणि लिंबुर्ग परिसरातल्या घराघरांतून हजारो लोक करत असत आणि त्यांच्या वाट्याला जिन्यावरची प्रसन्नता आली असेल असे वाटत नाही. या उद्योगाचे वर्तुळ भविष्यातील राष्ट्रीय सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरले होते. तेव्हा तेथे सीमाच नव्हती.

जिल्हा कसा घडला

मध्ययुगात हा प्रदेश मोन्शाऊच्या किल्लेदार सरदारांकडे आणि पंधराव्या शतकात युलिशच्या ड्यूकच्या राज्याकडे गेला. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा सगळा मुलूख घेतला आणि मोन्शाऊ ‘रोअर’ नावाच्या फ्रेंच विभागात एका कँटनचे (लहान प्रशासकीय एककाचे) ठाणे झाले. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत हा भाग प्रशियाला मिळाला. प्रशियाने १८१६ मध्ये नव्या प्रदेशाची प्रशासकीय वाटणी केली, तेव्हा आखेनच्या शासकीय विभागात ओयपेन, मालमेडी आणि मोंज्वा असे तीन शेजारी क्राइस अस्तित्वात आले. मोंज्वा हे मोन्शाऊचे तेव्हाचे अधिकृत नाव. नावाचा फ्रेंच थाट शंभर वर्षे कोणाला खुपला नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, मान्यतेने ते मोन्शाऊ असे जर्मन करण्यात आले.

१८१६ च्या या वाटणीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ओयपेन, मोंज्वा आणि मालमेडी यांच्यामधल्या रेषा कर गोळा करण्याच्या, सैन्यभरतीच्या आणि न्यायदानाच्या सोयीसाठी आखलेल्या होत्या. कोणत्या गावाचा दरमहा कारभार कोणाकडे, यापलीकडे त्यांना अर्थ नव्हता आणि एकाच राजाच्या राज्यात त्या ओलांडताना कोणाला थांबावे लागत नव्हते. शंभर वर्षांनी याच रेषांना आंतरराष्ट्रीय सीमेचे काम करावे लागेल, हा विचार त्या आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

नेपोलियनच्या साम्राज्याची बाजारपेठ गेल्यावर आणि इंग्लंडचे यंत्रावरचे स्वस्त कापड आल्यावर मोन्शाऊच्या उद्योगाला उतरती कळा लागली. रेल्वेने तो वाचेल अशी आशा होती. ‘फेनबान’ म्हणून ओळखला जाणारा मार्ग १८८५ मध्ये आखेनच्या रोटे एर्डे स्थानकातून मोन्शाऊपर्यंत आणि त्याच वर्षी पुढे मालमेडीच्या दिशेने सुरू झाला. १८८९ पर्यंत तो सांक्ट फिटमार्गे लक्झेंबर्गच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचला. पण रेल्वे दरीत उतरू शकली नाही. स्थानक गावापासून दूर, वरच्या पठारावर झाले आणि कापड गिरण्यांना तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. मार्गाचा खरा फायदा बाहेरच्यांना झाला: आखेन परिसरातील कोळसा आणि कोक लक्झेंबर्ग व लोरेनच्या लोखंड भट्ट्यांकडे जाऊ लागले आणि तिकडून लोहखनिज येऊ लागले. स्वतःच्या हद्दीतून जाणाऱ्या पण इतरांसाठी बांधलेल्या मार्गाचे जिल्ह्याच्या नशिबातले हे पहिले प्रकरण.

१९२०: रेषा कोठे ओढायची

पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या व्हर्सायच्या तहाच्या ३४ व्या कलमाने जर्मनीने ओयपेन आणि मालमेडी हे दोन संपूर्ण क्राइस बेल्जियमला दिले. तहाने प्रदेशाचे वर्णन नद्या-डोंगरांनी केले नाही, जिल्ह्यांच्या नावांनी केले. म्हणजे १८१६ च्या प्रशासकीय रेषा तशाच उचलून राज्यांच्या सीमा ठरवल्या. रहिवाशांना विरोध नोंदवण्यासाठी सहा महिने नोंदवह्या उघड्या ठेवण्याची तरतूद होती. मतदान गुप्त नव्हते, नाव-गाव लिहून विरोध करायचा होता आणि वह्या बेल्जियमच्या प्रशासनाच्या ताब्यात होत्या. ३३,७२६ पात्र नागरिकांपैकी २७१ जणांनी नाव नोंदवले. या आकड्यावरून लोकमत ठरवणे म्हणजे पोलिसांसमोर तक्रार आहे का असे विचारून गप्प बसणाऱ्यांना समाधानी मानण्यासारखे होते. मोन्शाऊच्या लोकांना तर एवढेही विचारले गेले नाही, कारण तहात त्यांच्या जिल्ह्याचे नावच नव्हते.

पण नाव नसूनही जिल्हा सुटला नाही. नकाशा पाहिला की अडचण चटकन दिसते. उत्तरेला ओयपेन, दक्षिणेला मालमेडी आणि सांक्ट फिट, आणि मध्ये पश्चिम बाजूला होहेस फेनची दलदल. बेल्जियमला मिळालेल्या या दोन भागांना जोडणारा रेल्वेमार्ग एकच होता आणि दलदल टाळण्यासाठी तो पूर्वेकडच्या पठारावरून वळसा घेऊन गेलेला होता. ओयपेन जिल्ह्यातील राएरेन सोडले की तो मोन्शाऊ जिल्ह्यात शिरायचा, रेटगेन, लामर्सडॉर्फ, कोन्त्सेन, मोन्शाऊ, काल्टरहेरबेर्ग असा जायचा आणि मालमेडी जिल्ह्यातील सूरब्रोटजवळ पुन्हा बाहेर पडायचा. हा मधला भाग जर्मनीत राहिला असता, तर बेल्जियमच्या नव्या प्रदेशातल्या दोन टोकांमधील रेल्वे वाहतूक परक्या देशाच्या मर्जीवर चालली असती.

तहाच्या ३५ व्या कलमाने सीमा प्रत्यक्ष आखण्यासाठी सात सदस्यांचा आयोग नेमला होता. त्यात पाच दोस्त राष्ट्रांचे, एक जर्मनीचा, एक बेल्जियमचा असे सदस्य होते आणि आर्थिक घटक व दळणवळणाची साधने लक्षात घेऊन सीमा ठरवावी अशी सूचना होती. जर्मन विरोधाला न जुमानता आयोगाने मार्च १९२० मध्ये फेनबानचा मार्ग बेल्जियमला दिला आणि पुढच्या दोन वर्षांत सीमा तपशीलवार ठरली. आयोगापुढे दोन पर्याय होते. एक म्हणजे रेल्वेच्या पश्चिमेचा मोन्शाऊ जिल्ह्याचा सगळा भाग बेल्जियमला देऊन सीमा रुळांच्या पूर्वेला ओढणे. दुसरा म्हणजे गावे जर्मनीकडे ठेवून फक्त रुळांची पट्टी आणि स्थानके द्यायची. बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय स्वीकारला गेला. परिणामी रुळांच्या पश्चिमेला राहिलेली जर्मन गावे आणि वाड्या बेल्जियमने चहूबाजूंनी वेढल्या गेल्या. आज असे पाच तुकडे आहेत: उत्तरेकडे मुन्स्टरबिल्डशेन आणि रेटगेनर वाल्ड, मग रुकश्लाग, म्युत्सेनिश आणि दक्षिणेला रुइट्सहोफ. यांतला म्युत्सेनिश सर्वांत मोठा. तेथे सुमारे दोन हजार लोक राहतात. रुकश्लाग म्हणजे जेमतेम एका घराची आणि त्याच्या आवाराची जागा.

दोन्ही पर्यायांतला निवडलेला पर्याय हा अन्यायाचा की सौजन्याचा, याबद्दल माझे मत असे की तो एका अर्थाने सौम्य होता. म्युत्सेनिशच्या लोकांचे नागरिकत्व बदलले नाही, शाळा आणि न्यायालय बदलले नाही. बदलला तो फक्त गावातून बाहेर पडण्याचा रस्ता, कारण रूळ ओलांडणे म्हणजे काही पावले परदेशातून चालणे झाले. भारत-बांगलादेश सीमेवरच्या कूचबिहारमधील १६२ बेटवजा वस्त्यांचा प्रश्न २०१५ मध्ये अदलाबदल करून सोडवावा लागला, कारण तेथल्या रहिवाशांपर्यंत त्यांचे स्वतःचे राज्यच पोहोचत नव्हते. मोन्शाऊच्या तुकड्यांत तसे कधी झाले नाही. मातृजिल्हा रुळांपलीकडे हाकेच्या अंतरावर होता आणि त्याने कारभार सोडला नाही.

जिल्ह्याच्या एकंदर स्थानाला मात्र धक्का बसला. १९२० पूर्वी मोन्शाऊ हे प्रशियाच्या आत, दोन शेजारी जिल्ह्यांच्या सोबतीने वसलेले होते; त्याच्या पश्चिमेचा बाजार, नातेसंबंध, कामगारांची ये-जा हे सगळे आपल्याच राज्यात होते. त्यानंतर ते देशाचे टोक झाले. आधीच मोडकळीला आलेला उद्योग, जकात नाक्यांनी तुटलेला बाजार आणि स्वतःच्या हद्दीतून जाणारी पण स्वतःची नसलेली रेल्वे, अशी जिल्ह्याची अवस्था झाली.

युद्ध आणि कॉफी

मे १९४० मध्ये हिटलरने बेल्जियमवर आक्रमण केल्यानंतर ओयपेन-मालमेडी पुन्हा जर्मन राज्यात सामील केले आणि जुने तिन्ही क्राइस शेजारी झाले. ही परत जुळवाजुळव चार वर्षे टिकली. १२ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन सैन्य रेटगेनमध्ये शिरले. युद्धात अमेरिकन भूसेनेने घेतलेले जर्मनीतील पहिले गाव म्हणून त्याची नोंद होते. मोन्शाऊही काही दिवसांत पडले. पुढे मात्र आघाडी थांबली. जिल्ह्याच्या ईशान्य भागातील श्मिट गाव घेण्यासाठी अमेरिकेच्या २८ व्या पायदळ डिव्हिजनने नोव्हेंबरमध्ये काल नदीच्या खोऱ्यातून हल्ला केला. रणगाड्यांना अडवणारी एक अरुंद उतरती वाट, पाऊस, चिखल आणि झाडांच्या शेंड्यांवर फुटून खाली बरसणारे तोफगोळे यांत त्या डिव्हिजनचे सहा हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. ह्यूर्टगेन जंगलातील लढाईच्या या भागात श्मिट, केस्टर्निश आणि आसपासची गावे जवळजवळ उद्ध्वस्त झाली; मागे राहिलेल्या सुरुंगांनी युद्ध संपल्यावरही बळी घेतले. मोन्शाऊचे जुने लाकडी घरांचे गाव मात्र आश्चर्यकारकरीत्या वाचले. आज ते पाहायला गर्दी होते, त्याचे एक कारण हेच.

युद्धानंतर १९२० ची सीमा परत आली. १९४९ मध्ये बेल्जियमने आखेनच्या आसपासचे आणि दक्षिणेकडचे काही छोटे जर्मन भाग तात्पुरते ताब्यात घेतले. १९५६ च्या सीमा करारानंतर १९५८ मध्ये त्यांतील बहुतेक परत मिळाले. या देवघेवीपेक्षा लोकांच्या आठवणीत जास्त राहिली ती कॉफी. पश्चिम जर्मनीत १९४८ पासून कॉफीवर किलोमागे १० मार्क इतका जबर कर होता आणि सीमेपलीकडे बेल्जियममध्ये ती त्या मानाने स्वस्त होती. घरे पडलेली, शेतात सुरुंग, रोजगार नाही, अशा जिल्ह्याला सीमा हेच एक उत्पन्नाचे साधन उरले. आखेनपासून मोन्शाऊपर्यंतच्या या पट्ट्याला तेव्हा ‘आखेनची कॉफी-आघाडी’ म्हणत. शेतकरी, विधवा, शाळकरी मुले रात्री फेनच्या पाणथळीतून पोती वाहत; बेल्जियमने वेढलेल्या म्युत्सेनिशसारख्या गावाला तर सीमा परसदारीच होती. संघटित टोळ्या मोटारी वापरत आणि पाठलाग करणाऱ्या जकात गाड्यांसमोर टोकदार लोखंडी काटे फेकत. त्यावर जकात खात्याने पुढे झाडू बसवलेल्या पोर्शे गाड्या आणल्या. गोळीबार झाले, काही तस्कर आणि काही जकात कर्मचारीही मारले गेले. १९५३ मध्ये कर मोठ्या प्रमाणात घटवला गेला आणि धंदा फार लवकर मावळला. श्मिटचे युद्धात पडलेले संत ह्युबर्ट यांचे चर्च तस्करांच्या देणग्यांनी उभे राहिले असे सांगितले जाते; परिसरात त्याला ‘सांक्ट मोका’ हे टोपणनाव पडले ते त्यामुळेच.

या अनुभवाची एक वेगळी बाजूही दिसते. १९२० मध्ये प्रशासनाच्या सोयीसाठी निवडलेली वेडीवाकडी सीमा राखायला अवघड होती आणि ओलांडायला सोपी. रुळांची पट्टी, जंगल आणि तुकडे यांनी भरलेल्या रेषेवर पहारा देणे म्हणजे चाळणीत पाणी धरणे होते. पूर्वेला स्वच्छ रेषा ओढून काही गावे बेल्जियमला दिली असती, तर कदाचित तस्करीला एवढे अनुकूल मैदान मिळाले नसते. मग त्या गावांचा प्रश्न उभा राहिला असता, ही गोष्ट वेगळी.

विसर्जन

१९६० च्या दशकाच्या अखेरपासून नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने गावे आणि जिल्हे यांची फेररचना हाती घेतली. शाळा, रुग्णालय, कचरा, नियोजन या कामांसाठी लहान एकके अपुरी पडतात असा सरकारचा युक्तिवाद होता आणि मोन्शाऊ राज्यातील विरळ लोकसंख्येच्या जिल्ह्यांपैकी एक होता. आखेन परिसरासाठीचा कायदा डिसेंबर १९७१ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९७२ रोजी अमलात आला. शेजारचा श्लाइडेन जिल्हाही त्याच दिवशी संपला. मोन्शाऊ जिल्ह्यातील बहुतेक गावे तीन मोठ्या नगरपालिका-ग्रामपालिकांत आणली गेली: मोन्शाऊमध्ये म्युत्सेनिश, कोन्त्सेन, इम्गेनब्रोइश, काल्टरहेरबेर्ग, ह्योफेन, रोरेन, झिमेराथमध्ये लामर्सडॉर्फ, केस्टर्निश, आयशरशाइड, स्टेकेनबॉर्न आणि इतर, आणि उत्तरेला रेटगेन. या तिन्ही आखेन जिल्ह्यात गेल्या. श्मिट नीडेगेनला जोडून ड्यूरेन जिल्ह्यात गेले, त्स्वाइफाल श्टोलबेर्गमध्ये. आज या तिन्ही पालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे पस्तीस हजार आहे.

मुख्यालय गेल्यामुळे मोन्शाऊचे नुकसान झाले यात शंका नाही. पण लोकांनी रस्त्यावर उतरावे असे ते नव्हते, कारण जिल्ह्याच्या अधिकारांतून गावाच्या जगण्यात बदल करण्याची ताकद आधीच फार थोडी उरली होती. नंतर आखेन जिल्हाही टिकला नाही. २१ ऑक्टोबर २००९ रोजी तो आणि आखेन शहर यांची ‘आखेन नगर-प्रदेश’ अशी नवी रचना झाली. वाहन क्रमांकपट्टीवरचे मोन्शाऊचे MON हे अक्षरगट, म्हणजे देवनागरीत लिहायचे तर ‘एमओएन’, मात्र २०१३ पासून पुन्हा मिळू लागले आणि अनेक गाडीमालकांनी ते आवर्जून घेतले.

रेल्वेपट्टीचे काय झाले? मालवाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटली, पर्यटकांसाठी चालवलेली गाडी २००१ मध्ये थांबली आणि नंतर रूळ काढण्यात आले. मार्गावर आज आखेनपासून लक्झेंबर्गच्या ट्रोआव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. रूळ निघाले तेव्हा जर्मन वृत्तपत्रांत असा तर्क मांडला गेला की, बेल्जियमला जमीन रेल्वेसाठी दिली होती, रेल्वे नाही तर जमीन परत यायला हवी. तर्क ऐकायला बरा वाटतो, पण तहात तशी अट नव्हती. सार्वभौमत्व वापराच्या अटीवर दिले नव्हते. ते निव्वळ हस्तांतरित केले होते आणि १९५६ च्या कराराने ती स्थिती पक्की झाली होती. दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांनी हेच स्पष्ट केले. सायकलवाले आज मोन्शाऊ परिसरात कोठे जर्मनीत असतात आणि कोठे बेल्जियममध्ये, हे त्यांना दिसणाऱ्या सीमाखुणांवरूनच कळते. पट्टीची देखभाल, अपघाताच्या वेळची पोलीस कारवाई आणि रस्त्याच्या छेदांची जबाबदारी मात्र कोणाकडे, हे दोन्ही बाजूंना आपापसात ठरवूनच घ्यावे लागते.